मथीबायचं दार

खाडीवर पूल नव्हता आणि पाटवण्याला यायचं तर होडीतूनच यावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. पाटवण्यात तेव्हाही रस्त्यांच्या जागी पाणीच होतं. घरांसमोरून पाट वाहत. भाजी होडीतून येई, वरात होडीतून निघे. आषाढात पाट तुडुंब भरले, की पाणी पायऱ्या चढून ओटीला टेके. ते बघायला घाटावरची माणसं हौसेने येत. त्यांना मजा वाटे, गावाला धास्ती. पावसाचं पाणी आणि अमावास्येचं उधाण एकदम आलं, तर गाव बुडायला वेळ लागत नसे.

म्हणून खाडीच्या बांधात एक उघाडी होती. ओहोटीला ती उघडून गावातलं पाणी बाहेर सोडायचं. भरतीला दोन्ही बाजूंच्या दगडी खाचांत, एकावर एक, सात फळ्या टाकून ती बंद करायची. हे काम मथीबाय करी. तिचं घर मात्र बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला होतं. सहा फळ्या टाकल्या तर अडलेलं पाणी तिच्या अंगणात थांबे. सातवी टाकली तर घरात शिरणार, हे तिला ठाऊक होतं.

असं म्हणतात, की तिच्या नवऱ्याने, धाकलू सुताराने, फणसाच्या एकाच खोडातून आठ फळ्या काढल्या होत्या. सात उघाडीला दिल्या आणि आठवीचं आपल्या घराला दार केलं. तो गेल्यावर त्याच्या हातचं तेवढंच तिच्याकडे उरलं.

एका आषाढात घाटावरचे मोठे पाहुणे आले. त्यांना बसायला काहीतरी उंच हवं, म्हणून विसाजी खोतांनी सातवी फळी नेली, मधोमध कापली आणि तिचे दोन चौरंग केले.

मथीबाय खोतांच्या ओटीशी जाऊन उभी राहिली. “खोतांनू, माजी फळी?”

“मथे, सातवीपर्यंत पाणी कधी चढलंय का? सहांत भागव. आणि सातवी टाकलीस तर तुझंच घर बुडेल की गं!”

पाहुणे हसले.

“माजं घर मी बघीन,” मथीबाय म्हणाली. “तुमी तेवढं पाण्याला सांगून ठेवा, सहाच्या वर मोजू नको म्हणून.”

मग तीन दिवस पाऊस थांबला नाही. अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि सहावी फळी बुडत आली. खोत स्वतः चौरंग डोक्यावर घेऊन धावत आले. पण कापलेले तुकडे खाचांत ठरेनात. एक तर पाण्याबरोबर गावात वाहत गेला.

मथीबायने बांधावरून आपल्या घराकडे एकदा पाहिलं. मग ती खाली उतरली, शेळी सोडून बांधावर आणली, पुन्हा गेली आणि घराचं दार उचकटून पाठीवर घेऊन आली. दार खाचांत बसलं. बेतून केल्यासारखं बसलं.

असं म्हणतात, की पाणी चढत गेलं तसं दारही उंच होत गेलं. मग पाण्याने दाराची कडी तीनदा वाजवली.

“कोण नाय घरात!” मथीबाय ओरडली. “जा मागारी!”

आणि उधाण उतरायला लागलं.

गाव वाचलं. मथीबायच्या घराचा उंबरठा तेवढा राहिला, भिंती गेल्या. गावाने त्याच जागी तिला घर बांधून दिलं. खोतांनी सागवानी दार पाठवलं. ते तिने परत केलं.

“मला दार हाय,” ती म्हणाली. “ते कामाला गेलंय.”

पुढे ती जगली तोवर बिनदाराच्या घरात राहिली. असं म्हणतात, की त्यानंतर किती उधाणं आली, पण पाणी तिच्या उंबरठ्याशी येई आणि वळून जाई.

आता उघाडीला लोखंडी झडप आहे, ती बटणावर चालते. तरीही आषाढी अमावास्येला सकाळी पाटवण्यातलं प्रत्येक घर आपलं पुढचं दार काढून बांधावर नेऊन उभं करतं. लॉजवालेही नेतात. नवीन पाहुणे घाबरतात, विचारतात, “आमच्या सामानाचं काय?” त्यांना सांगतात, “भरती उतरली की दार येईल.” आजवर काही चोरीला गेल्याचं कोणाला आठवत नाही.

दुपारी पाणी पुरतं चढलं, की प्रत्येक जण आपल्या दाराची कडी तीनदा वाजवतो. आणि बांधावर जमलेला सगळा गाव, पाहुण्यांसकट, खाडीकडे तोंड करून ओरडतो,

“कोण नाय घरात!”