हातभर दोरी

“म्हणजे बेटावर जाणारी तरीची बोट आज सुटणारच नाही?”

“आज नाय,” तांडेलबुवा म्हणाले. “उद्याचा माका ठाऊक नाय.”

“पण मी चौकशी केली होती. सव्वाआठची तर आहे, म्हणून सांगितलं होतं.”

“इंजिन बिघडला.”

भास्कर तेरवणकरने हातातल्या कागदाकडे पाहिलं. सव्वाआठ, तर. पावणेनऊ, बेट. नऊ, देवीचं दर्शन. साडेदहा, परत. इंजिनाला त्यात कुठे रकाना नव्हता.

कागद चार होते आणि चारही लॅमिनेट केलेले. भास्करने सत्तावीस वर्षं एका कारखान्याच्या बसगाड्यांचं वेळापत्रक आखलं होतं. घरची सहलही तो तशीच काढायचा. कुणी कुठे उतरायचं, कुणी कुठे चहा प्यायचा, सगळं ठरलेलं. नातेवाईक मागे हसायचे आणि सहलीला मात्र त्याच्याच बरोबर यायचे.

ही सहल मात्र नुसती सहल नव्हती.

आईचा एक नवस राहिला होता. भास्करचं स्वतःचं घर झालं की बेटावरच्या कुलदेवीची ओटी भरीन, असं ती बोलली होती. घर होऊन अकरा वर्षं झाली. दरवर्षी भास्करने बेत आखला आणि दरवर्षी तो कुठल्या ना कुठल्या रकान्यात अडला. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आता वडील, अप्पा, ब्याऐंशीचे होते, गुडघे धरलेले. खण आणि नारळाची पिशवी त्यांनी पुण्यापासून मांडीवर घेतली होती, डिकीत ठेवू दिली नव्हती. ओटी सुनेच्या, शैलाच्या, हातून भरायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तांडेलबुवांबद्दल भास्करने ऐकलं होतं. तीस वर्षं मचव्यावर तांडेल होते, पुढे दर्या सोडला आणि खाडीच्या काठी एका पडक्या मठीत येऊन राहिले. लोक त्यांना काहीबाही विचारायला येत. ते उत्तर देत किंवा देत नसत.

“होडी आसा,” बुवा म्हणाले. “चला.”

त्यांनी होडी धक्क्याच्या पायऱ्यांना लावली आणि दोरी हातात धरून उभे राहिले. पाणी वरच्या पायरीला टेकलं होतं. अप्पांना नुसता पाय उचलून होडीत ठेवायचा होता. अप्पा उठलेदेखील.

“एक मिनिट,” भास्कर म्हणाला. “होडीने जायचं म्हणजे पुढचं सगळं बदलणार. जेवणाचं सांगितलंय, हॉटेलचं बुकिंग आहे. दहा मिनिटांत मी सगळं नीट लावून घेतो.”

“अहो, आधी जाऊन येऊ,” शैला म्हणाली. “फोन मग करा.”

“मग म्हणजे केव्हा? एक वेळ चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.”

बुवांनी दोरीचं टोक त्याच्यापुढे धरलं.

“मगे बांध.”

भास्करने बांधली. धक्क्यावरच्या खांबाला, आखूड, घट्ट, एकावर एक तीन गाठी. काम करायचं तर नीट करायचं, हा त्याचा स्वभाव होता.

“भास्कर, दोरी सैल सोड रे,” अप्पा मागून म्हणाले. “चांगली हातभर तरी...”

“अप्पा, तुम्ही बसा. ऊन लागेल.”

अप्पा बसले.

फोनला रेंज वरच्या टेकाडावर होती. भास्कर टेकाडावर गेला. हॉटेलवाला फोन उचलेना. उचलला तेव्हा मॅनेजर नव्हता. मॅनेजर आला तेव्हा रेंज गेली. जेवणवाल्या बाईंनी विचारलं, माणसं किती, आणि सोलकढी हवी का. भास्करने कागद पालटून मागच्या बाजूला मार्करने नवे रकाने पाडले. शेवटी सगळं बसलं, अगदी चपखल बसलं. त्याला मनापासून बरं वाटलं.

तो खाली आला तेव्हा सव्वादहा झाले होते.

“चला बुवा, जमवलं सगळं!”

कुणी उठलं नाही.

पायऱ्यांखालचं पाणी गेलं होतं. जिथे सकाळी खाडी होती तिथे काळा चिखल होता आणि त्यात खेकडे फिरत होते. होडीचं नाक वर, खांबाला टांगलेलं, आणि बूड चिखलात. वल्हं घसरून मागच्या टोकाला जाऊन पडलं होतं.

बुवा मठीच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. अप्पा पायरीवर होते, पिशवी मांडीवर.

“हे... हे असं कसं झालं?”

“ओहोटी,” बुवा म्हणाले.

“तुम्ही इथेच होता ना? दोरी सैल करायची होतीत!”

“गाठ माझी नाय.”

भास्करला राग आला. चार महिने तयारी केली होती त्याने. बोट बंद पडते, पाणी निघून जातं, आणि हा म्हातारा जाळं विणत बसतो. पण राग काढायचा कुणावर, ते कळेना. त्याने कागद काढला, घड्याळ पाहिलं.

“अप्पा, असं करू. ओटी इथूनच देवीला दाखवू. लांबून केलेला नमस्कारही पोचतो. पुढच्या वर्षी मी आधीपासून...”

“पुढच्या वर्षी,” अप्पा म्हणाले.

रागाने नव्हे. नुसतं त्याच्यामागून म्हटल्यासारखं. आईही दरवर्षी असंच म्हणायची, याच आवाजात.

भास्करला लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

तो ओट्यापाशी गेला आणि म्हणाला, “बुवा, माझं चुकलं कुठे?”

बुवांनी हनुवटीने होडी दाखवली.

“सोड.”

भास्कर खांबापाशी गेला. होडीचं सगळं वजन दोरीवर आलेलं, गाठी दगडासारख्या आवळलेल्या. त्याने नखं लावली. ओढून पाहिलं. नख तुटलं.

“सुटत नाही.”

“कोणी बांधल्यान?”

“मी.”

बुवा पुन्हा जाळ्याकडे वळले...

मग अप्पा उठले. शैलाचा हात धरून एकेक पायरी उतरत खांबापाशी आले.

“गाठ ओढू नकोस. खाली उतर आणि होडी उचल.”

“अप्पा, चिखल आहे.”

“आहे तर.”

भास्कर उतरला. गुडघाभर रुतला. एक बूट आतच राहिला. त्याने होडीच्या नाकाखाली खांदा घातला आणि उचललं, दोरी ढिली पडेपर्यंत. वर अप्पांची बोटं गाठीवर फिरत होती. एक सुटली. दुसरी. तिसरी.

होडी चिखलात आडवी बसली. भास्कर तिला टेकून धापा टाकत राहिला. चारही कागद खिशातून चिखलात पडले होते. अक्षर मात्र जसंच्या तसं होतं, लॅमिनेशन चांगलं झालं होतं.

“अप्पा, पाणी परत केव्हा येईल?”

अप्पांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

“आज दशमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते; दहाची साडेसात. सकाळी साडेसातला भरती झाली, तीच पुन्हा संध्याकाळी. होडी तरंगायला सहा वाजले तरी पुरे.”

“तुम्हाला हे येतं?”

“इथे जन्मलो मी, भास्कर.”

भास्करने सहल आखताना रस्ते पाहिले होते, हवामान पाहिलं होतं, हॉटेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं होतं. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारलं नव्हतं.

हॉटेलला कळवायला तो टेकाडावर गेला नाही.

दुपारी बुवांनी भात टाकला. अप्पांनी शैलाला लहानपणी कुठून पोहत जायचो ते दाखवलं. भास्करने होडी धुतली, सांगितलं नव्हतं तरी. मधूनमधून हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

सहाला पाणी होडीखाली शिरलं. ती हलली, मग तरंगली. बुवांनी वल्हं हातात घेतलं.

बेटाच्या धक्क्याला लागले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि देवळातली घंटा ऐकू येत होती. अप्पा शैलाच्या आधाराने उतरले. पिशवी त्यांनी आता तिच्या हातात दिली होती. दोघं पायऱ्या चढू लागली.

मागे भास्कर दोरी घेऊन खांबापाशी उभा राहिला. पाणी अजून चढायचं होतं, मग उतरायचं होतं. त्याने एक वेढा दिला, काढला, पुन्हा दिला.

“बुवा, किती सैल सोडू?”

बुवा वल्हं आत ठेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सकाळी तुझो बापूस सांगत होतो. तेव्हा तू खंय होतस?”