जाळे फेकणारीचे पाऊल

एकदा एका खाडीच्या दोन काठांमध्ये एक वाद मुरला होता. तो जमिनीचा नव्हता की देवाचा नव्हता. जाळे फेकावे कसे, एवढाच तो वाद. कडेला शिशाचे मणी ओवलेले आणि फेकले की हवेत उघडून गोल पाण्यावर पडणारे जे जाळे असते, त्याविषयी ही गोष्ट आहे. उत्तरेच्या काठावरचे लोक ते एका हाताने फेकत. सारा भार उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि एका झटक्यात सोडायचा. डावा हात मोकळा. दक्षिणेचे लोक अर्धे जाळे एका कोपरावर आणि अर्धे दुसऱ्या मुठीत धरत, कमरेतून गिरकी घेत आणि दोन्ही हात एकदम उघडत.

"त्यांचा एक हात भाकरी खायला राखून ठेवलेला असतो," असे दक्षिणेचे म्हणत.

"एका हाताच्या कामाला त्यांना दोन लागतात," असे उत्तरेचे म्हणत.

सोयरिकी मात्र दोन्ही काठांत होत असत. त्यामुळे हे भांडण काठावरून थेट घराघरातल्या चुलीपर्यंत आले होते.

अशाच एका सोयरिकीने उत्तरेची एक मुलगी दक्षिणेच्या काठावर सून होऊन आली. लहानपणी बापाच्या होडीत बसून ती जाळे फेकायला शिकली होती. पण सासरी ते सांगण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला असा, की होडी वर ओढताना तिच्या नवऱ्याचा खांदा निखळला. हाडवैद्याने खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि बजावले, "दिवाळीपर्यंत हा हात तुझा नाही असं समज."

आता त्या गावात एक जुनी रीत होती. खाडीच्या वळणावर एक खोल कोंड होती. ओहोटीला सगळीकडचे पाणी उतरले तरी कोंडीत ते राही आणि पाण्याबरोबर मासळीही राही. या कोंडीत जाळे टाकण्याची वहिवाट गावातल्या मोजक्याच घरांकडे होती. ती टिकवायची तर दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की घरातल्या एका माणसाने गावासमोर आणि पंचांसमोर जाळे टाकून दाखवायचे. तीनदा टाकायला मिळे. एकदा तरी जाळे पुरते गोल पडले पाहिजे. नाही पडले, तर वहिवाट दुसऱ्या घराकडे जाई. या घरात सासरे हयात नव्हते, दीर नव्हता. नवऱ्याचा हात गळ्यात. उरल्या सासू, सून आणि नुकती रांगायला लागलेली लेक तुळी. कोंड गेली तर वर्षभर चुलीवर काय चढवायचे, हा प्रश्न होता.

"मी टाकते," सून म्हणाली.

सासू सुकी मासळी टोपलीत भरत होती. तिचा हात थांबला. "तू? त्या काठची?"

"घरातलं माणूस, एवढंच रीतीत आहे ना, आत्याबाई? बाईमाणूस नको असं कुणी म्हटलंय?"

"म्हटलं नाही, कारण कुणाला तसं सुचलंच नाही," सासू म्हणाली. "टाक बाई. पण आपल्या काठासारखं टाक. माझ्या घरची कोंड एका हाताने गेली असं कुणी म्हणायला नको."

दुसऱ्या सकाळी सासू बाजाराला गेली आणि सून जाळे घेऊन खाडीवर उतरली. काठावरच्या करंजाला तिने झोळी बांधली, तुळीला आत निजवले, मुंग्या नाहीत ना ते पाहिले, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि चिखलात जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी जाळे फेकले. ते मोडलेल्या भाकरीसारखे अर्धेच उघडले. पुन्हा फेकले, पुन्हा अर्धे. मग आजूबाजूला पाहून तिने बापासारखे एका हाताने फेकले. तेही अर्धेच. तिचे तिलाच नवल वाटले. हे तर तिला येत होते!

खडकांवरची कालवे काढणाऱ्या बायका हसल्या. "काय गो, अर्धं जाळं माहेरीच ठेवून आलीस?"

ओटीवर बसलेला नवरा रोज काही ना काही सांगे. हात उंच ने. कंबर फिरव. दोन्ही हात एकदम सोड. ती सगळे ऐके, सगळे करी, आणि जाळे आपले अर्धेच पडे.

खाडीच्या मुखाशी जाळी विणणारा एक म्हातारा राहत असे. त्याचा स्वतःचा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. पण दोन्ही काठांवरच्या कित्येकांना त्यानेच शिकवले होते, आणि वादात तो कोणत्या बाजूचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी सून त्याच्याकडे गेली. कडेवर तुळी, खांद्यावर जाळे.

"बाबा, एका हाताने टाकू की दोन्ही हातांनी? एवढंच सांगा."

"आधी टाक तर खरं," म्हातारा म्हणाला.

तिथेही तिने आधी एक झाड शोधले, झोळी बांधली आणि मग जाळे टाकले. अर्धे पडले. तिने मान वळवून म्हाताऱ्याकडे पाहिले. तो जाळ्याकडे बघतच नव्हता! ती जाळे ओढायला पुढे सरकताच तो आला, ती उभी होती तिथल्या चिखलात वाकून पाहू लागला आणि काठीने तिच्या पावलाच्या ठशाभोवती एक रेघ ओढून म्हणाला, "हं."

"बाबा, जाळं तिकडे पडलं."

"दिसलं."

"तुम्ही तर चिखलात बघत होतात."

"म्हणूनच दिसलं. टाक पुन्हा."

असे काही दिवस चालले. तो ना हात उंच कर म्हणे, ना कंबर फिरव. ती जाळे टाकी, तो ठसे पाही आणि 'हं' म्हणून आपल्या सावलीत जाऊन बसे. सुनेला पौर्णिमेची काळजी होतीच. पण आता त्या काळजीहून मोठे कुतूहल तिला लागून राहिले. पावलात हा काय शोधतो? भाकऱ्या थापताना ती स्वतःच्या पायांकडे पाहत बसे. एकदा म्हातारा घरी गेल्यावर ती मुद्दाम ठसे पाहायला मागे फिरली, तर भरतीने ते केव्हाच पुसून टाकले होते.

"काय शिकवलंन म्हाताऱ्याने?" सासूने विचारले.

"अजून काहीच नाही."

"मग रोज जातेस कशाला?"

"काय शिकवत नाहीत, ते बघायला," सून म्हणाली. सासूने कपाळाला हात लावला.

पौर्णिमा अगदी तोंडावर आली. त्या सकाळी सुनेने नेहमीसारखी काठावरच्या झाडाला झोळी बांधली आणि ती पाण्याकडे वळली. एवढ्यात मागे गाठ सुटल्याचा आवाज झाला. म्हातारा झोळी सोडत होता. त्याने तुळीला खांद्यावर घेतले, धोतर खोचले आणि कुणाला काही न सांगता तो समोरचा ओहोळ ओलांडू लागला.

"बाबा! अहो, कुठे नेता तिला?"

पाणी गुडघ्याएवढेच होते. पण सून दोन पावले त्याच्यामागे धावली. पलीकडे खारफुटीची एक जाड आडवी फांदी होती. म्हाताऱ्याने त्या फांदीला झोळी बांधली, तुळीला आत ठेवले आणि तो खाली बसला.

"तिथे खेकडे असतील! ती मध्येच उठते! आणि फांदी मोडली म्हणजे?"

"मी फांदीखालीच बसलोय. मोडलीच तर आधी मी मोडेन," म्हातारा तिकडून ओरडला. "तू टाक."

"इतक्या लांब?"

"टाक म्हणतो ना!"

सुनेला रडू येत होते आणि रागही येत होता. लवकर टाकावे आणि लेकीला घेऊन यावे, एवढेच तिच्या मनात होते. समोरच्या झोळीवरची नजर न काढता तिने दोन्ही हातांनी जाळे फेकले. ते हवेत पुरते उघडले आणि शिशाचे सगळे मणी एकाच वेळी पाण्यावर आपटले. गोल. कुठेही मोडलेले नाही.

मग घाईघाईने तिने जाळे ओढले, पिळले आणि या वेळी एका हाताने टाकले. पुन्हा गोल.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

म्हातारा तुळीला घेऊन परत आला. सुनेने लेकीला ओढूनच कडेवर घेतले. म्हाताऱ्याने काठीने तिच्या पावलांचे ठसे दाखवले. दोन्ही पावले सरळ पाण्याकडे पाहत होती.

"आता कालची बघ," असे म्हणून त्याने शेजारी काठीने दोन पावले काढली. डावे पाण्याकडे होते. उजव्याची बोटे मागे, काठावरच्या झाडाकडे वळलेली होती. "रोज हेच. तू तोंड खाडीकडे करायचीस, पण तुझा एक पाय लेकीकडे निघालेला असायचा. पाऊल वळलं की कंबर अडते. कंबर अडली की हात एक असो, दोन असोत, जाळं अर्धंच उघडणार."

सून खजील झाली. "म्हणजे जाळं टाकताना मी तिला विसरायला हवं."

"असं मी म्हटलं का?" म्हातारा म्हणाला. "काळजी घरी ठेवून ये, असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. आईला ते जमत नाही, आणि जमू नये. पण बाय, तू काळजी पाठीमागे टांगलीस. पाठीमागची वस्तू जवळ असली तरी मागे ओढते. तीच समोर ठेव. मग लांब असली तरी ओढत नाही, उलट वाट दाखवते. जिकडे डोळा, तिकडे पाऊल, तिकडेच जाळं."

सुनेने काठीने काढलेल्या पावलांवर आपली पावले ठेवून पाहिली. मग तिने विचारले, "आणि हात, बाबा? एक की दोन?"

म्हातारा हसला. "तुझा बाप होडीत उभा राहतो. होडी हलते, म्हणून एक हात धरायला लागतो. या काठाला पायाखाली जमीन आहे, म्हणून दोन्ही मोकळे. हात कसा टाकायचा हे पायाखालचं ठरवतं. पण दोन्ही काठ जन्मभर एकमेकांचे हातच बघत बसलेत."

पौर्णिमेनंतरच्या ओहोटीला गाव कोंडीवर जमला. म्हातारा आला होता; गर्दीत काठीवर हनुवटी टेकून उभा होता. नवरा चांगल्या हातावर तुळीला घेऊन काठावर थांबला. सुनेचे नाव पुकारताच कुणीतरी म्हणाले, "बघा आता, उत्तरेचा वारा!" लोक हसले. ती चिखलात उतरली.

पहिले जाळे अर्धे पडले.

मागे तुळीने भोकाड पसरले. सुनेने घाईने जाळे ओढले, तसेच ओलेगच्च पुन्हा फेकले. ते पहिल्याहून वाईट पडले. आता कुणी हसलेही नाही. ती हरली तर ज्या घराला वहिवाट मिळणार होती, त्या घरचे दोन भाऊ पुढे सरकून उभे राहिले. तिने गर्दीत म्हाताऱ्याला शोधले. त्याने डोळा वर केला नाही. तो चिखलात पाहत होता.

तिनेही खाली पाहिले. उजव्या पायाची बोटे काठाकडे वळलेली होती.

ती जाळे तिथेच ठेवून वर आली. "आत्याबाई, तुळीला घेऊन त्या समोरच्या खडकावर जाऊन उभ्या राहाल का?"

"आत्ता? एवढ्या लोकांत? कडेनेसुद्धा मांडीएवढं पाणी आहे. माझं लुगडं भिजेल!"

"भिजेल," सून म्हणाली.

सासूने तिच्याकडे पाहिले. काय दिसले कोण जाणे. तिने टोपली शेजारणीच्या हातात कोंबली, नातीला खांद्यावर घेतले आणि सगळ्या गावादेखत कासोटा आवळत ती पाण्यात शिरली. लोक तिच्याकडे पाहू लागले. कुणी 'जपून गो' म्हणाले, कुणी शीळ घातली. खडकावर चढताना ती एकदा घसरली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. मग ती उभी राहिली आणि तिने तुळीला उंच धरले.

तेवढ्यात पाण्यावर मणी आपटले. सगळ्यांनी माना वळवल्या. कोंडीच्या मधोमध एक पुरते गोल वर्तुळ पसरत होते. पंचांपैकी जाणत्याने मान डोलावली, आणि कोंड घरात राहिली.

सून जाळे ओढू लागली. नवरा पाण्यात उतरून चांगल्या हाताने दोरी धरायला आला.

"कसं टाकलंस गं?" त्याने हळूच विचारले. "एका हाताने की दोन्ही?"

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मी तुळीकडे बघत होतो."

"मी पण," ती म्हणाली.