सागरपत्तन बंदरातील एक्केचाळीस जहाजे

विषय : जेतवन विहारातील भिक्खूंना चीवराचे (भिक्खूंच्या वस्त्राचे) कापड वेळेत न मिळणे.
संदर्भ : धर्मसभेतील तोंडी तक्रार.

वरील विषयाबाबत नमूद करावेसे वाटते की, कापडाच्या गाड्या विहाराच्या दाराशी नऊ दिवस उभ्या होत्या. कोठीची खोली भरली आहे म्हणून भांडागारिक तिस्सल त्या आत घेत नव्हता. सर्व कापड आल्याशिवाय समान वाटप होणार नाही म्हणून खोलीतले कापडही तो वाटत नव्हता. तक्रार ऐकून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, हा असे आजच करतो आहे असे नाही." आणि त्यांनी ही जुनी हकीकत सांगितली.

फार पूर्वी सागरपत्तन नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका व्यापारी कुळात जन्म घेतला होता. तो परदेशातून खजूर आणीत असे. एके वर्षी तो जहाज घेऊन परतला, तेव्हा बंदराबाहेर एक्केचाळीस जहाजे खोळंबली होती. महिन्याभराने त्याचा क्रमांक पहिला आला आणि तिथेच अडकला.

बंदराध्यक्ष सोमिल याने खोळंब्याचे खापर वाऱ्यावर फोडले. वारा बदलला, तेव्हा त्याने ते भरतीवर फोडले. खरी गोष्ट अशी होती की वखारी भरल्या होत्या, त्यामुळे धक्क्यावर माल उतरत नव्हता. माल वेळेवर येत नाही हे पाहून नगरातल्या व्यापाऱ्यांनी दुप्पट माल मागवला होता. तोही रांगेत येऊन उभा राहिला.

सतराव्या जहाजाचा तांडेल वेलुक एका संध्याकाळी होडीतून बोधिसत्त्वाकडे आला. त्याच्या जहाजात डोंगरापलीकडच्या बारा गावांचे भाताचे बियाणे होते. त्यांतले एक गाव त्याचे स्वतःचे होते. त्याने मूठ उघडून दाखवली. दाण्यांना मोड आले होते.

"पेरणीला वीस दिवस राहिलेत, शेठजी," तो म्हणाला. "दहा दिवसांत हे उतरलं नाही, तर आमच्याकडे पेरायला काही नाही."

बोधिसत्त्व दुसऱ्या दिवशी सोमिलाकडे गेला आणि आपली पाळी वेलुकाला देण्याची परवानगी मागितली. बदल्यात सतरावा क्रमांक आपल्याला मिळावा, एवढीच त्याची विनंती होती.

सोमिल म्हणाला, "आपली जागा दुसऱ्याला द्यायला परवानगी लागत नाही. बदल्यात दुसरी मिळायला लागते. रांग सोडणारा शेवटी जातो. अर्ज करा."

बोधिसत्त्वाने ताडपत्रावर अर्ज लिहून दिला. उत्तराची वाट पाहिली असती तर बियाण्याची रोपवाटिका झाली असती. म्हणून त्याने त्याच दिवशी नांगर उचलला, आपली जागा वेलुकाला दिली आणि जहाज रांगेच्या टोकाला नेले. पुन्हा पाळी येईपर्यंत खजूर टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

पण वेलुक धक्क्याला लागला तरी वखारीत जागा नव्हती. वखार रिकामी करायला गाड्या नव्हत्या. गाड्या कुठे गेल्या, हे विचारायला बंदरातून कोणी उठले नव्हते. बोधिसत्त्व घाट चढून गेला. माथ्यावर दोनशे गाड्या सोडलेल्या होत्या आणि गाडीवान झाडाखाली सोंगट्या खेळत होते.

त्यांचा नाईक नंदिल म्हणाला, "रिकामी गाडी घाटाखाली नेत नाहीत, शेठजी. आजोबांपासूनची रीत आहे. परतीचा माल आला की निघू."

परतीचा माल येत नव्हता, कारण तो न्यायला धक्क्यावर रिकामे जहाज नव्हते. जहाज रिकामे होत नव्हते, कारण गाड्या वर होत्या. बोधिसत्त्वाने रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून नंदिलच्या गाडीत ठेवला.

"आता रिकामी नाही."

"हा काय माल झाला?"

"जड आहे. बैलांना विचारा."

गाडीवान हसले. नंदिलने धोंडा हाताने हलवून पाहिला. मग त्याने सोंगट्या गोळा केल्या आणि बैल जुंपले.

दोनशे गाड्या दोनशे धोंडे घेऊन उतरल्या. चार दिवसांत वखारी मोकळ्या झाल्या. तिसरा हिस्सा बियाणे वाया गेले. उरलेले वेळेत पोहोचले आणि बाराही गावांत पेरणी झाली. कोंडी आपल्या तत्परतेने सुटल्याचे सोमिलाने राजाला कळवले आणि धक्क्यावर विनापरवाना धोंडे कोणी टाकले याची चौकशी लावली. बोधिसत्त्वाचा खजूर किडला. त्याने तो समुद्रात सोडला. माशांना रांग लावावी लागली नाही.

हकीकत संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा वेलुक म्हणजे आज ही तक्रार मांडणारा भिक्खू. नंदिल म्हणजे दाराशी थांबलेला गाडीवान. सोमिल म्हणजे तिस्सल आणि खजुराचा व्यापारी मीच होतो. हातातली पाळी सोडणे हेही दान आहे. यास दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात."

तिस्सलाने त्याच दुपारी खोली उघडून कापड वाटले. मागच्या जन्मीच्या, सतराव्या क्रमांकाच्या त्या अर्जाविषयी एका भिक्खूने त्याला विचारले. अर्ज मिळाला असावा, असे तिस्सल म्हणाला. त्याची पाळी आली की पाहू.

अर्ज प्रलंबित आहे.