पाहुणे कोणाचे?

एका दाट जंगलात, निळ्याशार तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी किती बडबडी ते तुम्हाला ठाऊकच आहे; पान हलले तरी ही जंगल डोक्यावर घेणार! पण पाहुणचार करावा तर तिनेच. दरवर्षी थंडी पडली की दूरदेशीचे करकोचे ते तळे पाहायला येत आणि टिटवीकडे उतरत. सुगरण त्यांच्यासाठी गवताच्या चटया विणी, खार बोरे पुरवी, मुंगूस सापांना काठाकडे फिरकू देत नसे आणि त्या बदल्यात करकोचे प्रत्येकाला दूरदेशीचे धान्य देत. टिटवी मात्र जो भेटेल त्याला ऐटीत सांगे, "माझे पाहुणे आलेत हो, माझे पाहुणे!"

एके वर्षी पावसाळा सरताच रानडुकराने सिंहाच्या दरबारात अर्ज केला. "महाराज, तळ्याचा बांध फोडू या. पाणी वाहून गेलं की गाळात मी कंद लावीन." ही बातमी टिटवीच्या कानावर गेली. ती उडत दरबारात गेली आणि एका दमात ओरडली, "नको, महाराज, नको! तळं गेलं तर पाहुणे कशाला येतील? माझं कसं व्हायचं?" सिंह वैतागला. "तुझी ही रोजची कटकट! एका टिटवीपायी सगळं जंगल अडवून ठेवू का? उद्या सकाळी बांध फुटेल." रानडुक्कर गालातल्या गालात हसले.

टिटवी रडवेली होऊन सुगरणीकडे गेली. शेजारच्या फांदीवर खार होती. "आमच्याकडे कशाला आलीस?" खार फणकाऱ्याने म्हणाली. "पाहुणे तुझे, गाऱ्हाणंही तुझंच!" टिटवी विचारात पडली. खारीचे काय चुकले? इतकी वर्षे 'माझे पाहुणे' म्हणून मिरवली कोण? तिची तिलाच लाज वाटली. मग हळू आवाजात ती म्हणाली, "चुकलं माझं, बाई. पाहुणे आपल्या सगळ्यांचे आहेत. मला सांग सुगरणताई, करकोचे आलेच नाहीत तर या चटया तू कोणासाठी विणणार? आणि खारूताई, तुझी एवढी बोरं कोण खाणार?" सुगरणीच्या चोचीतली काडी गळून पडली. खारीने शेपटी आवरून घेतली आणि ती म्हणाली, "चल, आधी मुंगसाला गाठू. मग घरोघर जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंह पाहतो तो काय, दरबारात पाय ठेवायला जागा नाही! टिटवी सर्वांच्या मागे उभी होती. तिने चोच घट्ट मिटून घेतली होती. सुगरण म्हणाली, "महाराज, पाहुणे आहेत म्हणून माझं घर चालतं." खार म्हणाली, "माझंही." मुंगूस म्हणाले, "आणि माझंही. तळं राहू द्या." रानडुक्कर उसळून म्हणाले, "ही सगळी टिटवीने पढवलेली माणसं—" आणि चूक लक्षात येऊन सावरले, "पढवलेली जनावरं आहेत!" तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक जण पुढे आली. ती रानडुकराची बायको होती. कमरेवर पाय ठेवून ती म्हणाली, "अहो, जरा थांबा. गेली चार वर्षं टोपली टोपली कंद मी त्या करकोच्यांनाच पोचवते. आपल्या घरात खायला येतं ते त्याच्या बदल्यात. तुम्हाला घरातलं कधी काही ठाऊक असतं का?" दरबारात हशा पिकला. रानडुकराला तोंड कुठे लपवावे ते कळेना.

सिंह हसत हसत उठला. "मला वाटलं होतं, हे एका टिटवीचं पोट आहे. हे तर अर्ध्या जंगलाचं पोट निघालं! बांधाला कोणी नख लावायचं नाही." टिटवीचा आनंद गगनात मावेना. पंधरा दिवसांनी थंडी पडली आणि आभाळभर करकोचे उतरले, मागच्या वर्षीच्या दुप्पट. सुगरणीला चटया विणायला दोन भाच्या बोलवाव्या लागल्या. आणि कंदांच्या टोपल्या वाहताना घामाघूम झालेले रानडुक्कर पाहुण्यांना वाट दाखवत म्हणत होते, "या, या! आमचं तळं पाहिलंत का?"

तात्पर्य : ज्या उद्योगावर अनेकांचे पोट चालते, तो टिकवायला अनेकांनीच पुढे यावे; एकट्याची हाक कटकट वाटते, सर्वांची हाक राजालाही ऐकावी लागते.