न उघडलेली कुपी

“पण बाई, हे कुणाला कळणार आहे?”

यशोधनने तिसऱ्यांदा विचारलं. भडकमकर बाई टेबलावरच्या, यीस्ट वाढवलेल्या दोन प्लेटींकडे बघत राहिल्या.

यीस्टची पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते हे उमगलं, तर माणसाच्या पेशीचंही थोडं उमगतं. म्हणून बाईंच्या प्रयोगशाळेत या पठ्ठ्याने सहा वर्षं यीस्टची चाकरी केली. एक जनुक काढलं की नक्कल अर्ध्यावर अडते, हा त्याचा शोध. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

मध्येच हैदराबादच्या एका संशोधकांनी तेच यीस्ट मागितलं. याने जनुक काढल्यावर लगेच गोठवून ठेवलेल्या, फ्रीझरमधल्या मूळ कुपीतून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, नक्कल तर व्यवस्थित होते!

“त्यांना आधी प्रयोग करायला शिकवा,” असं म्हणून याने नाक मुरडलं होतं. मग हट्टाने स्वतःच त्या कुपीतलं यीस्ट वाढवलं. नक्कल व्यवस्थित झाली.

“दर प्रयोगाला कुपीतूनच घ्यायचं, ठाऊक होतं ना तुला?”

“त्यात तीन दिवस जायचे, बाई. जुन्या प्लेटवरचंच नव्या प्लेटवर घेत गेलो.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

सहा वर्षं. तेवढ्यात नक्कल करता करता यीस्ट स्वतःच कुठेतरी चुकलं होतं, आणि हा त्या चुकीलाच शोध समजून बसला होता. आपलेच दात नि आपलेच ओठ, रागवायचं तरी कुणावर? त्याला रडू फुटलं.

“आई गावभर सांगत सुटलीय, बाई. मी काय तोंड दाखवू तिला? प्रबंध आहे तसाच देऊन टाकतो सोमवारी.”

बाई उठल्या. फ्रीझरच्या तळाशी साचलेलं बर्फ खरवडून त्यांनी एक कुपी बाहेर काढली. बावीस वर्षांपूर्वीची तारीख, बाईंचंच अक्षर. झाकणावरची पट्टी जशीच्या तशी.

ज्या यीस्टवर बाईंचं नाव झालं, त्याची मूळ कुपी.

“ही... कधीच उघडली नाही?”

“माझेही तीन दिवस जायचे.”

“म्हणजे तुमचा शोधसुद्धा...?”

बाईंची बोटं गारठून लाल झाली तरी कुपी त्यांच्या हातातच होती.

यशोधनने डोळे पुसले. त्याला एकदम धीर आल्यासारखं झालं.

“मग बाई, बावीस वर्षांत कुणाला कळलं?”

बाईंनी कुपी होती तिथे ठेवली आणि फ्रीझरचं दार लावलं.

“कुणालाच नाही. मलासुद्धा नाही.”