अपुरी घोंगडी

एकदा एका गावात घोंगड्या विणणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. त्याच्या हातची घोंगडी दोन पिढ्या पुरते, अशी ख्याती होती. परंतु लोक त्याच्याकडे घोंगडीपेक्षा सल्ल्यासाठीच अधिक येत, आणि सल्ला देतानाही त्याचा माग काही थांबत नसे. त्याच्याजवळ दोन शिष्य अनेक वर्षे एकाच मागावर शिकले. त्यांपैकी म्हाळू नावाचा शिष्य पुढे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात गेला आणि तिथे त्याने स्वतःचा माग मांडला. दुसरा गुरूपाशीच राहिला. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता.

एके दिवशी बातमी आली, की त्या डोंगरात मोठा भूकंप झाला. घरे कोसळली, वाटा बुजल्या, किती माणसे गेली याचा पत्ता नाही. गुरूपाशी राहिलेल्या शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. कामात त्याचे चित्त लागेना, भाकरी घशाखाली उतरेना. दिवसभर तो रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हाळूची खबर विचारी. आणि ज्यांनी तो डोंगर जन्मात पाहिला नव्हता, तेही काहीबाही सांगून त्याला आणखी घाबरवून जात. या कामात आपली माणसे फार तत्पर असतात.

आठव्या दिवशी लोकरीचा एक व्यापारी गावात आला. दुसऱ्या सकाळी त्याचा तांडा त्याच मुलखाकडे निघणार होता. शिष्याने घाईघाईने पत्र लिहिले आणि गुरूला वाचून दाखवले.

"म्हाळू, तू आहेस ना रे? लागलं तर नाही ना? घर उभं आहे का? इतके दिवस निरोप का नाही धाडलास? इकडे माझ्या घशाखाली घास उतरत नाही. याच माणसाबरोबर ताबडतोब उत्तर दे. सगळं सविस्तर लिही."

वृद्धाने पत्र हातात घेतले, त्याची नीट घडी घातली आणि कोनाड्यात ठेवून दिले. मग कातर घेऊन तो शिष्याच्या मागापाशी गेला. मागावर जेमतेम पाच हात घोंगडी विणून झाली होती, अजून तीन हात बाकी होती. वृद्धाने ती तशीच कापून उतरवली! अर्धे विणकाम मागावरून कापणे त्या गावचे विणकर अशुभ मानीत, आणि ही शिकवण शिष्याला खुद्द याच वृद्धाने दिलेली होती.

"आबा, हे काय केलंत?" शिष्य ओरडला. "माझा मित्र जिवंत आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. तुम्ही माझं पत्र ठेवून घेता, आणि वर ही अपुरी घोंगडी कापता?"

"एका माणसाला पुरेल," वृद्ध म्हणाला. "सुटलेल्या धाग्यांना गाठी मारून घे. शेटजींबरोबर हीच जाईल."

"आणि पत्र?"

वृद्धाने कातर खाली ठेवली. "लेका, तुझ्या पत्रात प्रेम आहे, नाही कोण म्हणेल? पण ज्याचं छप्पर पडलंय, त्याच्याकडे तू काय काय मागतोस ते बघ. त्यानं उत्तर द्यायचं, निरोप का नाही धाडला याचा खुलासा करायचा, आणि तुझा घास उतरत नाही याची काळजीही त्यानंच करायची. म्हाळूचा स्वभाव तुला ठाऊक आहे. सगळं टाकून तो आधी तुझी समजूत घालायला बसेल. चिंता करू नकोस, असं मी म्हणत नाही. मलाही तो पोटच्या पोरासारखा आहे. पण चिंता आपली आहे, तर ती आपण वाहू. त्याला ऊब पाठवू. तो भेटला तर त्याच्या अंगावर पडेल. न भेटला तर..." वृद्धाने कापलेली घोंगडी उचलून शिष्याच्या हातात दिली. "तर कुडकुडणारं दुसरं कुणी तिथं असेलच. शेटजींना डोळे आहेत, दिसेल ते येऊन सांगतील. अर्धं विणकाम कापू नये हे खरं, पण तिथली थंडी आपल्या तीन हातांसाठी थांबणार आहे का?"

शिष्याला हे सगळे पटले असे नाही. तो रागातच गाठी मारायला बसला. हात चालू लागले तसा त्याचा जीव थोडा थाऱ्यावर आला, आणि संध्याकाळी त्याने अर्धी भाकरी खाल्ली.

दीड महिन्याने व्यापारी परतला. शिष्य वेशीपर्यंत धावत गेला.

"आहे, आहे!" व्यापारी लांबूनच ओरडला. "घर गेलं, पण बायकापोरं सुखरूप आहेत. त्याचा उजवा हात मोडलाय, गळ्यात बांधून ठेवलाय."

शिष्याला आपले 'सविस्तर लिही' आठवले आणि तो मनातून ओशाळला.

व्यापारी सांगतच होता. "जो येतो तो काय झालं, कसं झालं विचारतो. सांगून सांगून बिचारा थकून गेलाय. मी काही न विचारता घोंगडी पुढे केली. डाव्या हातानं ती चाचपली आणि हसायलाच लागला! म्हणाला, 'त्याला सांगा, विणताना काठ अजून आत ओढतोस. मी आलो की दाखवीन.' मग ती पांघरून जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला. त्याची बायको म्हणाली, भूकंपापासून आजच झोपलाय."

"काठ मी मुळीच ओढत नाही," शिष्य म्हणाला, आणि तिथेच वेशीच्या दगडावर बसून ढसाढसा रडला.

दूरच्या आपल्या माणसावर संकट आले की आपणही आधी प्रश्नच पाठवतो. ते जरूर पाठवावेत. मात्र त्यांच्यासोबत एखादे पांघरूण जाते आहे ना, एवढे पाहावे.