रिबकाबाईचा टेकू

एक होतं गाव, आणि त्या गावाला नव्हतं देऊळ. प्रभू येशूची माणसं ती, चिंचेखाली बसून उपासना करायची. वर कावळे बसायचे. मग काय व्हायचं, ते मी सांगत नाही. शेवटी मंडळीनं ठरवलं, आपल्या हातांनी देऊळ बांधायचं. बायकांनी दगड वाहिले, पुरुषांनी चुना मळला, भिंती उभ्या राहिल्या, छताची मोठी तुळई चढली.

तुळईखाली गवंड्यानं एक लाकडी टेकू लावला. म्हणाला, "रिबकाबाई, हा जरा धरा. वरचा चुना वाळला की सोडा. मी पाणी पिऊन आलो."

आणि गेला, बरं का. वाटेत त्याला सासुरवाडीचं बोलावणं आलं. तिकडं पुरणपोळी होती. मग तो तिकडचाच झाला.

रिबकाबाई टेकू धरून उभी. चुना वाळला की नाही, कुणाला विचारणार? सोडला आणि छत खाली आलं तर? खाली अख्खी मंडळी!

एक दिवस गेला. मग एक महिना गेला. मग वर्ष गेलं. मुलगी एस्तेर तिला तिथंच भाकरी भरवायची. रिबकाबाई उभ्यानं खायची, उभ्यानं गायची, उभ्यानंच डुलकी घ्यायची, तीही एका डोळ्यानं. पायांना मुंग्या आल्या. आल्या त्या खऱ्याच आल्या, आणि तिथंच वारूळ करून राहिल्या. हसू नका, मी मोजल्यात.

मग एस्तेरला बाळ झालं. त्या गावची रीत अशी, की बाप्तिस्म्याला बाळाला पाण्याजवळ न्यायचं ते आईच्या आईनंच. दुसरे हात चालत नाहीत. आणि हिचे हात तर अडकलेले! बाळ थांबलं. बाळाला दात आले. मग ते स्वतःच्या बाप्तिस्म्याला स्वतः चालत यायला लागलं, आणि दर खेपेला तसंच परत जायचं. पाच वर्षांचं झालं, पण बाप्तिस्मा नाही म्हणून नावही नाही. गावातली म्हातारी माणसं त्याला "अहो बाळ" म्हणायची.

रिबकाबाईचा जीव तुटायचा. तिनं त्याला एकदाही उचललं नव्हतं.

मग देवळात उपदेश करणारे पाळकसाहेब आले. "बाई, टेकू मी धरतो."

"तुमचे हात पुस्तकाचे, साहेब. तुम्ही पान उलटायला गेलात, की आम्ही गेलो."

मग दावीद पैलवान आला. दोन्ही काखांत एकेक बैल घेऊन फिरणारा गडी. "मावशी, सरका."

"तुला शिंक आली तर?"

"नाही यायची," दावीद म्हणाला, आणि तेवढ्यात आली.

मग एस्तेर आली. तिनं भाकरीचा घास भरवला आणि म्हणाली, "आई, तू रोज प्रार्थना करतेस ती कुणाची गं? की त्यालाही तूच धरून ठेवलंयस?"

रिबकाबाई हबकली. पाळकाला नाही म्हटलं, पैलवानाला नाही म्हटलं. देवाला तर तिनं विचारलंच नव्हतं!

रविवार आला. मंडळी बसली. तिनं डोळे मिटले आणि पुटपुटली, "देवा, पाच मिनिटं धर. बाळाच्या डोक्याला पाणी लागलं, की मी आलेच."

मग करंगळी सोडली. मग एक हात सोडला. मग दुसरा.

धाडदिशी टेकू पडला!

मंडळी किंचाळली. पाळकसाहेब मेजाखाली गेले, दावीद पाळकसाहेबांखाली गेला. रिबकाबाई डोक्यावर हात घेऊन छताची वाट बघत राहिली.

छत काही येईना. चुन्याचा कणही पडला नाही.

मग दावीद बाहेर आला. त्यानं टेकू उचलून पुन्हा तुळईखाली उभा केला, आणि बघतो तर काय! टेकू वीतभर कमी! बाईनं इतक्या जोरानं रेटून धरलेला, की बुडाशी झिजत झिजत गेला होता. वरच्या तुळईला तो कधीपासून शिवतच नव्हता.

सगळ्यांचे आ वासलेले. रिबकाबाईचा सगळ्यात मोठा.

"अगं बाई," ती म्हणाली, "मग हे धरलं होतं कुणी?"

पाळकसाहेबांनी नुसती मान खाली घातली. आणि रिबकाबाई, इतक्या वर्षांनी, मट्कन खाली बसली. नातू आला आणि हक्कानं मांडीत शिरला. तिनं त्याला उचललं. चांगला धोंडा झाला होता, पण नेला पाण्यापर्यंत, आणि त्याला नाव मिळालं, अबनेर.

मग उपदेश सुरू झाला. अबनेरला पोटाशी घेऊन रिबकाबाई जाजमावर कलंडली आणि दोन्ही डोळ्यांनी झोपली. अशी घोरली, की पाळकसाहेबांनी आवाज बारीक केला, मग अजून बारीक केला, मग उपदेशच आटोपला. तीन दिवस झोपली. एस्तेरनं वर गोधडी घातली, आणि माणसं चपला हातात घेऊन येत-जात राहिली.

पुढं सगळी सुखात राहिली. चला, तुम्हीही त्या मुठी सोडा, पाय लांब करा. आजची रात्र तुम्हाला धरायची नाही. धरणारा जागा आहे. झोपा बघू.